अजोकेची टोपणनावं

आमच्या इबादान शहरात सून सासरच्या माणसाला नावानं हाक मारत नाही, मग तो दीर शेंबडं पोर का असेना. ती त्याला एक लाडाचं नाव देते आणि जन्मभर तेच चालवते. खानावळीत वाढायला असलेल्या अजोकेनं हा रिवाज उचलून थेट तिथं आणला. गिऱ्हाईक म्हणजे सासरचं माणूस, असं तिचं सरळ गणित होतं.

मी समोरचा शिंपी, तर मी झालो मोतीदात. कापडबाजारातल्या मोन्सुरात नावाच्या ऐसपैस हाजीबाई झाल्या मखमलबाई. गाड्या दुरुस्त करणारा, कायम तेलानं माखलेला अकांबी म्हणजे काळं रेशीम. आम्ही सगळे तिला सूनबाई म्हणायचो. गुडघे टेकून ती आमाल्याचा, म्हणजे कंदाच्या पिठाच्या उकडीचा, वाफाळता गोळा पुढ्यात ठेवायची. "मोतीदात, बटणं ताणलीत बघा. आज कमी वाढू का?" असं विचारायची आणि जास्तच वाढायची. सांगतो ना, त्या बाईसाठी मी उपाशी असताना जेवलो आणि पोट भरलेलं असतानाही जेवलो.

मग जुनी मालकीण गावी गेली आणि खानावळ ओडुनलामींनी घेतली. लेगॉसच्या बड्या हॉटेलात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस. भिंती रंगवल्या, पंखे लावले, छान केलं. पण तेवढ्यावर थांबेल तर शपथ! हुकूम काढला की गिऱ्हाइकाला फक्त सर आणि मॅडम म्हणायचं. टोपणनाव कानावर आलं, तर त्याच दिवशी नोकरी गेली. अजोकेच्या नवऱ्याचा ट्रक बंद पडलेला होता. घर तिच्याच पगारावर चालत होतं. आम्हा गिऱ्हाइकांना मात्र या हुकमाचा पत्ताच नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "या सर, काय वाढू?"

मी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. आमच्यात सून लाडाचं नाव टाकते ती रुसल्यावरच. ताट तसंच सोडून मी उठलो. मी हिला काय बोललो असेन?

संध्याकाळी मखमलबाई माझ्या दुकानात येऊन डोळे पुसायला लागल्या. "मला मॅडम म्हणाली रे! मी तिचं काय घोडं मारलं?" अकांबीचीही तीच गत. शेवटी ठरलं, रुसलेल्या सुनेला मनवायला जातात तसंच जायचं.

भर दुपारी आम्ही निघालो. पुढे मखमलबाई, त्यांच्या हातात कापडाचा तागा. मागे अकांबी आणि मी, आणि कारण न विचारता सामील झालेला निम्मा बाजार. काय उत्साह होता! मोठ्यांनी धाकटीपुढे लोटांगण घालायचं नसतं, पण रीतभात पाळायला सुचतंय कुणाला? आम्ही पुरुष धडाधड फरशीवर पालथे पडलो.

"सूनबाई, चुकलं असेल ते पोटात घाल," मखमलबाई म्हणाल्या. "पण मॅडम म्हणू नकोस गं."

ओडुनलामी गल्ल्यामागून धावत आले. "काय केलं हिनं? तक्रार आहे का? आत्ता काढतो हिला!"

अजोकेनं मालकाकडे पाहिलं, मग आमच्याकडे. सर म्हणाली, तर आम्ही तोंड पाडून जाणार. नाव घेतलं, तर चूल विझणार. माझा गाल फरशीला चिकटला होता.

"उठा, मोतीदात," ती म्हणाली. "काळं रेशीम, तुम्हीपण उठा. मखमलबाई, मी रुसले नाहीये हो." मग तिनं कमरेचा एप्रन सोडला आणि मालकाच्या हातात दिला.

ओडुनलामी एप्रनकडे बघत राहिले.

"त्या हॉटेलात मी हजारोंना सर म्हटलं," ते हळूच म्हणाले. "मी सोडून आलो, तेव्हा एकानंही विचारलं नाही, कुठे चाललास म्हणून."

आणि पांढऱ्याशुभ्र शर्टानिशी तो माणूस माझ्या शेजारी, सांडलेल्या लाल तेलावर, सपशेल पालथा पडला.

"सूनबाई," ते फरशीशीच बोलले, "जाऊ नकोस."

"उठा, कडकइस्त्री," अजोके म्हणाली आणि गुडघे टेकून त्यांच्या हातातून आपला एप्रन सोडवायला लागली.