पोलादपूरचं ओमाकासे आणि काळे तीळ

"ताई, ओमाकासे खायला ये," असा उमेशचा फोन आला तेव्हा मला वाटलं, कुणाचं तरी बारसं असेल. उमेश माझा चुलतभाऊ. मुंबईच्या एका जपानी हॉटेलात बरीच वर्षं भाताचे गोळे वळल्यावर त्याला साक्षात्कार झाला, की पोलादपूर तालुक्यात नेमकी उणीव आहे ती जपानी-मेक्सिकन सुशीची. घराच्या पडवीत त्याने ती भरूनही काढली. ओमाकासे म्हणजे काय खायचं ते आपण ठरवायचं नाही, आचारी देईल ते मुकाट खायचं. माझ्या नवऱ्याला घरी याचा भरपूर सराव असल्यामुळे तो लगेच तयार झाला.

खरं निमित्त वेगळं होतं. उमेशचे वडील, म्हणजे माझे काका, त्या दिवशी पहिल्यांदा तिथे जेवायला बसणार होते. पसंत पडलं तर पडवी उमेशची. नाहीतर तिथे पूर्वीसारखी भाताची पोती आणि उमेश परत मुंबईला. गेल्या वर्षी काकी गेली, तेव्हापासून घरात दोघंच. वडिलांना एकटं टाकून जाणं उमेशच्या जिवावर आलं होतं, पण असलं काही तोंडाने सांगायची आमच्या घराण्यात पद्धत नाही.

पुण्याहून भोरमार्गे वरंध घाटाने निघालो. पावसाळ्यात हा घाट बंद असतो आणि एरवी उघडा असतो, असं म्हणतात. निघण्यापूर्वी चौकशी करा. माथ्यावर कांदाभजी पोटभर खाऊन घ्या, पुढे सुशी आहे. उतरल्यावर वाट थोडी वाकडी करून महाडला चवदार तळ्यापाशी चहा घेतला आणि महामार्गाने पोलादपूर गाठलं. तिथून आत वळल्यावर नकाशातल्या बाईने आम्हाला एका बांधावर नेऊन सोडलं. गवताचा भारा घेऊन चाललेल्या एका मावशींना उमेशचं घर विचारलं.

"कच्च्या म्हावऱ्यावाला ना? सरळ जा गो. दारात कुत्री बसल्यात, तेच घर."

पडवीत एक लांब फळी, पुढे चार स्टुलं, फळीपलीकडे काळा अंगरखा घातलेला उमेश. माणशी दर ऐकून नवऱ्याने पाणी मागितलं. काका धुतलेला सदरा घालून, परीक्षकासारखे मधल्या स्टुलावर बसले होते. आधी आली मक्याची तळहातापेक्षा लहान कडक भाकरी, वर व्हिनेगरमध्ये मुरवलेला बांगडा आणि मिरचीचा ठेचा. हा मेक्सिको. काकांनी तो एका घासात संपवला आणि भाकरी आटली की काय, असं विचारलं. उमेश हसला. मलाही हायसं वाटलं.

मग जपान आला. उमेशने हातावर भात वळला, केळीच्या पानाच्या तुकड्यावर अलगद ठेवला आणि नजाकत म्हणून वरून काळे तीळ भुरभुरवले.

काकांचा हात थांबला. त्यांनी पानाकडे पाहिलं, मग अंगणाकडे, कावळा आलाय का ते बघावं तसं.

"उमेश, मी जिता हाय अजून."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पान, भाताचा गोळा, काळे तीळ. काकीच्या दहाव्याला नदीवर उमेशनेच याच हातांनी पिंड ठेवला होता. मुंबईत त्याला सगळं शिकवलं, हे कोण शिकवणार? काका उठून दाराकडे निघाले. उमेशचा चेहरा बघवत नव्हता.

त्याने पान उचलून बाजूला केलं, हात धुतले आणि नवा भात घेतला. तीळ नाहीत, पान नाही. नुसता गोळा हातात धरून तो उभा राहिला.

"आबा, आई मला भाताचा मुटका वळून द्यायची, तसा हाय हा."

काका उंबऱ्यावर थबकले. त्यांनी वळून त्या हाताकडे पाहिलं.

"मंग पानात कशाला वाढतो?" ते परत येऊन बसले. "भरव."

आणि त्यांनी तोंड उघडलं. उमेशने फळीवरून वाकून बापाला घास भरवला. काकांनी तो सावकाश चावून गिळला.

"मीठ कमी हाय," ते म्हणाले. "पोती माजघरात ठेवू."

मला रडू आलं. मी ते वसाबीच्या झणक्यावर ढकललं. वसाबी अजून वाढलेलीच नाही, हे नवऱ्याने सगळ्यांदेखत सांगितलं.

पुण्याला परतून आता बरेच दिवस झाले. सुशीची चव म्हणाल तर मला भजीचीच जास्त आठवते. पण भात कालवताना तो वाकलेला उमेश दिसतो आणि घास हातात तसाच राहतो. परवा त्याने फोनवर एका मुंबईच्या खाद्यतज्ज्ञाने त्याच्या पडवीवर लिहिलेला लेख वाचून दाखवला. तिथे ताटली नसते, आचारी प्रत्येक घास थेट पाहुण्याच्या हातावर ठेवतो, ही म्हणे अस्सल जपानी परंपरा. आम्ही दोघं हसत होतो, तेवढ्यात मागून काकांचा आवाज आला.

"जपानचं ऱ्हाऊ दे. माझा घास कुठं हाय?"