व्याह्यांच्या दुकानातला तागा

धाकटीनं माझ्या शर्टाच्या खिशात काड्यापेटी घातली तेव्हा तिच्या आईला वाटलं, मी या वयात बिडी सुरू केली.

"काय करून राहिलाव ओ हे? शाळेत पोरांसमोर बी ओढता का?"

मी नांदेडजवळच्या लोहा गावी शाळेत गणित शिकवतो. अठ्ठावीस वर्षं झाली. पोरांसमोर मी साधी सुपारीसुद्धा खाल्लेली नाही, पण आमच्या घरात माझ्याबद्दल वाईट गोष्ट ऐकली की तिच्यावर चटकन विश्वास बसतो.

काड्यापेटी कापडासाठी होती. धाकटी नांदेडला आमच्या पुढच्या खोलीत कपड्यांचा ब्रँड चालवते. ब्रँड म्हणजे दोन शिलाई मशिनी, गल्लीतल्या दोन बाया आणि एक मोबाईल. 'ब्रँड' हा शब्द मी घरात कित्येक महिने हसूनच उच्चारत होतो. मग एक दिवस कुरिअरवाला पार्सलं न्यायला आला आणि मला 'काका, जरा बाजूला सरका' म्हणाला. त्या दिवसापासून हसायचं बंद केलं.

तिच्या प्रत्येक कुर्त्याच्या गळ्याशी आतून एक पट्टी असते, 'शंभर टक्के सुती'. मागच्या खेपेला नांदेडच्याच एका दुकानदारानं तिला सुती म्हणून भेसळीचं कापड दिलं. एका बाईंच्या मानेवर पुरळ उठलं, त्यांनी फोटो पाठवले. धाकटीनं एकेक कुर्ता परत मागवला. दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी पोळी मोडता मोडता म्हणाली, "बाबा, अजून एकदा असं झालं तर मी मशिनी विकून टाकते."

आता नवीन चाळीस कुर्त्यांची मागणी आली होती आणि कापड आणायला मी निघालो होतो. लातूरला गोलाईच्या बाजारपेठेमागं एक व्यापारी अस्सल सुती कापड ठेवतो, असं तिला कळलं होतं. तिनं मला अंगणात बसवून परीक्षा शिकवली.

"धागा ओढायचा, पेटवायचा. सुती असला तर कागद जळाल्यासारखा वास येतो, राख मऊ होते, बोटानं चोळली की गायब. भेसळ असली तर धागा आक्रसतो आणि टोकाला काळा मणी होतो. टणक. कळलं?"

"कळलं."

"करून दाखवा."

पहिल्या वेळी मी बोट भाजून घेतलं. तिसऱ्या वेळी पास झालो.

खरी अडचण वेगळीच होती. थोरली लातूरलाच दिलेली आहे आणि तिच्या सासऱ्यांचं गोलाईत कापडाचं दुकान आहे. व्याह्याचं दुकान सोडून मी त्याच बाजारात दुसऱ्याकडून कापड घेतलं, हे कळलं असतं तर आमचे व्याही मला काही बोलले नसते. बोलले नसते, हीच तर भीती. आमच्याकडे मुलीच्या बापाला कुणी काही बोलत नाही. जे बोलायचं ते मुलीच्या ताटात वाढतात.

"गपचूप जा, गपचूप या," बायको म्हणाली. "थोरलीला बी सांगू नका लातुरात आलाव म्हणून."

अहमदपूर, चाकूर करत बस लातूरला पोचली. गोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात, असं मी वर्गात कोन शिकवताना पोरांना दरवर्षी सांगतो. त्यातला व्याह्यांच्या दुकानाचा रस्ता टाळायचा म्हणून मी रुमाल तोंडाला बांधला आणि उलट्या बाजूनं निघालो. गोलाला उलट्या बाजूनं गेलं तरी माणूस फिरून तिथंच येतो, हेही मी वर्गात शिकवतो. रस्ते मोजता मोजता चुकलो. बारावा की तेरावा, म्हणून थांबलो, तर समोर पांढरी गादी आणि गादीवर आमचे व्याही.

"का वो पाव्हणं! तोंड बांधून कुनाच्या लग्नाला निघालाव?"

मी रुमाल काढला. "धूळ लई हाय."

"या की वर. लातुरात येऊन बाहेरून जाताव व्हय?"

"तुमच्याकडंच येत होतो," मी म्हणालो.

तेवढ्या एका वाक्यात मी संपलो. पाण्याचा तांब्या आला, चहा आला. त्यांनी विचारलं, काय काम काढलं? तुमच्याकडं येत होतो म्हटल्यावर काम कापडाचंच असणार. मी धाकटीनं दिलेला नमुना खिशातून काढला, आणि त्याच्याबरोबर काड्यापेटीही गादीवर पडली. ती मी झटकन उचलली. व्याह्यांनी पाहिलं की नाही, कळलं नाही.

"सुती पायजे व्हय? मग आदी का न्हाई सांगितलं?" ते स्वतः उठले. गुडघ्यावर हात ठेवून वरच्या फळीवरून एक तागा काढला आणि माझ्या पुढ्यात असा सोडला, की मी कमरेपर्यंत कापडात गाडला गेलो. रंग सायीसारखा, पोत नमुन्याशी जुळणारा. सुरेख होता. जरा जास्तच सुरेख होता.

"प्युवर कॉटन. हात लावून बघा. सुरकुती पडंना."

सुरकुती पडत नाही म्हटल्यावर मी कापड मुठीत दाबून पाहिलं. खरंच पडत नव्हती. धाकटी म्हणते, सुती कापड चुरगळणारच, तो त्याचा धर्म आहे. आता धागा पेटवून बघायला हवा होता. पण व्याह्याच्या गादीवर बसून, त्याचा चहा पिऊन, त्याच्याच तोंडावर त्याचा माल जाळून बघायचा? लग्नात त्यांच्या मानाच्या टोपीवर शंका घेतली असती तरी एक वेळ चाललं असतं.

ते फोनवर बोलायला वळले तेवढ्यात मी काठाचा एक धागा ओढला. गादीच्या मागं लक्ष्मीचा फोटो होता, पुढं अगरबत्ती. मी उठलो, हात जोडले आणि वाकता वाकता धागा अगरबत्तीच्या टोकाला लावला. धूर निघाला. नाक पुढं नेलं. कागदाचा वास येतोय का? येत होता तो मोगऱ्याचा.

"पाया पडा, पडा," मागून व्याही म्हणाले. "लई जागृत हाय आमची लक्ष्मी."

मी नीट पाया पडलो. काय मागितलं ते विचारू नका. उरलेला धागा मुठीतून खिशात गेला.

मी वळेपर्यंत त्यांनी तागा मोजून, बांधून वर सुतळीची गाठ मारलेली होती. पैशांवरून झोंबाझोंबी झाली. ते घेईनात, आणि मुलीच्या घरचं फुकट घ्यायला मी तयार होईना. शेवटी घरचा भाव ठरला. म्हणजे उद्या तक्रार करायचं तोंडही गेलं. वर जेवायला घरी चलायचं होतं.

थोरलीनं मला दारात पाहिलं आणि तिचा चेहरा आधी उजळला, मग बगलेतला तागा पाहून बदलला. धाकटीचा धंदा तिला पूर्ण माहीत आहे. दोघी रोज फोनवर असतात. लग्नाआधी पट्टीवर काय लिहायचं, हे दोघींनी मिळूनच ठरवलं होतं.

व्याही हातपाय धुवायला गेले. मी पाणी प्यायचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेलो. तव्यावर भाकरी होती. थोरलीनं माझ्या खिशातून लोंबणारा धागा पाहिला, ओढून काढला आणि तव्याखालच्या जाळाला लावला. धागा फुर्र पेटला, आक्रसला. तिनं तो ओट्यावर टेकवून विझवला आणि टोक माझ्या अंगठ्यावर ठेवलं. मोहरीएवढा काळा मणी. टणक.

"मामंजींना माहीत नाही बाबा," ती हळू म्हणाली. "त्यांना कुणी कॉटन म्हणून दिलं, ते कॉटन म्हणून विकतात. त्यांना सांगणार कोण?"

"मग मी सांगतो. तागा ठेवून जातो. काहीतरी निमित्त काढतो."

तिनं भाकरी उलटली. "तुम्ही नको म्हणून बसमध्ये बसाल. मी इथंच हाय."

मी जेवलो. तिनं मला तीन भाकरी वाढल्या आणि एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही. व्याही आग्रह करत होते, मी 'हाव, हाव' म्हणत मान डोलवत होतो. परतीच्या बसमध्ये तागा मांडीवर घेऊन बसलो, कारण वर ठेवायला जागा नव्हती. चाकूर येईस्तोवर मांड्या घामानं निथळल्या. कापडातून वारा जात नव्हता, दुसरी कसली परीक्षा हवी होती?

घरी धाकटी काड्या शोधायला लागली. मी तिकिटाच्या कागदात गुंडाळून आणलेला मणी तिच्या पुढं ठेवला.

"माहीत होतं? मग आणलं कशाला?"

मी तिला थोरलीचं वाक्य सांगितलं, जसंच्या तसं. ती बराच वेळ मणी नखानं टोकरत बसली. बायको म्हणाली, "शिवून टाक ना. कुर्ता जाळून कोण बघतंय?"

"मी बघितला ना, आई."

तिनं चाळीस जणांना 'उशीर होईल' म्हणून कळवलं. सात जणांनी मागणी मागं घेतली. ती चिडली नाही, मला काही बोलली नाही. तागा पलंगाखाली गेला. मी रोज त्याच्यावर झोपायचो. झोप काही बरी लागत नव्हती.

आणि व्याह्यांचा दर आठ दिवसांनी फोन. "झाले का कुर्ते? आमच्या कापडाचे हायत म्हनावं!"

यंदा धोंड्याचा महिना ऐन उन्हाळ्यात आला. जावयाला धोंडे खाऊ घालायचे, कपडे करायचे. थोरली, जावई यायचे होते. व्याही म्हणाले, आम्हीही येतो, कुर्ते बघायचे हायत. घरात गडबड उडाली. धाकटीनं पलंगाखालचा तागा ओढला आणि दोन कुर्ते शिवले, एक माझ्या मापाचा, एक व्याह्यांच्या. आहेरही झाला आणि कुर्तेही दाखवता आले. गळ्याशी तिनं पट्टी लावली नाही.

जेवायच्या आधी मी त्यांना कुर्ता दिला. ते खूश झाले, तिथल्या तिथं घालून बसले. मीही तोच घालून शेजारी बसलो. ताटात धोंडे, वर तुपाची धार, आणि आमच्या पत्र्याखाली दुपारचं ऊन. लाईट गेली. कूलर बंद पडला.

पाच मिनिटांत माझी पाठ भिंतीला चिकटली. व्याह्यांच्या कपाळावरून घामाची धार नाकावर आली, तिथून तुपात. त्यांनी गळ्याशी बोट घातलं. मी घातलं. एकमेकांकडं पाहिलं.

"कापड सुटसुटीत हाय," ते म्हणाले.

"लई सुटसुटीत," मी म्हणालो.

थोरली पुठ्ठ्यानं वारा घालायला आली. तिचे खांदे हलत होते. ती हसतेय की काय हे पाहायची माझी हिंमत झाली नाही. व्याही एकदम थांबले. त्यांनी गळ्याच्या आत हात घालून, सुनेकडून ऐकलेली ती पट्टी चाचपली. ती नव्हती. पलीकडं दांडीवर धाकटीचा एक जुना कुर्ता वाळत होता, त्याच्या गळ्याची पट्टी त्यांना बसल्या जागेवरून दिसत होती. त्यांनी ती पाहिली, वाचली, आणि खाली मान घालून उरलेला धोंडा संपवला. मी माझं ताट पाहत राहिलो. आता जे काही बोलणं होईल ते थोरलीला ऐकावं लागणार, एवढंच डोक्यात होतं.

निघताना त्यांनी गाडीत बसून काच खाली केली.

"पाव्हणं, त्या दिवशी लक्ष्मीफुडं काय जाळलाव?"

माझा हात आपोआप खिशावर गेला.

"म्हनलं ह्यो मानूस पाया पडायचं सोडून वाकून वास का घेऊन राहिलाय." ते हसले नाहीत. "फुडल्या बारीला काड्यापेटी वरच ठिवा. म्या बी बघीन."

गाडी गेली. कुर्ता मात्र त्यांनी अंगातून काढला नाही. लातूरपर्यंत तसेच गेले, थोरलीनं नंतर सांगितलं.

त्यानंतर ती दुकानावर जायला लागली. रोज नाही, नवीन माल आला की व्याही घरी फोन करतात, "सूनबाईला पाठवा, जाळून बघायला." परवा लातूरहून धाकटीला पार्सल आलं. एक तागा, चुरगळलेला, आणि वर वहीच्या कागदाची पुडी. पुडीत चिमूटभर राख. धाकटीनं ती माझ्या तळहातावर ओतली. मी बोटानं चोळली आणि ती नाहीशी झाली.

माझा कुर्ता दाराच्या मागं खुंटीला असतो. व्याही आता व्हिडिओ कॉल करतात, कधीही करतात, आणि पहिला प्रश्न 'कुर्ता घालताव का?' असा असतो. मी लगेच घालतो. त्यांनीही तोच घातलेला असतो. दोघं घामाघूम होऊन पाच मिनिटं पावसापाण्याचं बोलतो. कुणी आधी काढायचा, ते अजून ठरलेलं नाही.