केबिनमधलं कौतुक

"ये गं, म्हणून दाखव."

विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये तीन पाहुणे चिवडा खात बसले होते. माझ्या हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. नाशिकच्या त्या कॉलेजात मी संस्कृत शिकवत होते. बाकीच्या प्राध्यापकांना सर 'तुम्ही' म्हणत. मला 'तू'. आपुलकीने, असं त्यांचं म्हणणं.

मी संस्कृत काव्याच्या चार ओळी म्हटल्या. उभ्यानं. पाहुण्यांनी डोळे मिटून माना हलवल्या. अर्थ कुणी विचारला नाही. विचारला असता तर पुढे माझ्याशी बोलावं लागलं असतं.

"आता वडील काय करतात ते सांग."

"पेठला नागली लावतात. द्राक्षांच्या दिवसांत निफाडला मजुरी."

"बघा. आणि उच्चार ऐकलेत ना?"

सहा वर्षं हे चाललं. नोकरी पक्की व्हायची होती आणि शिफारस सरांच्या हातात. मी दर वेळी म्हणून दाखवलं. आज आठवलं की किळस येते. सरांची कमी, माझी जास्त.

मग एकदा बा तांदूळ घेऊन कॉलेजात आला. मला शोधत केबिनपाशी पोचला, चपला काढून दारात उभा राहिला. आत पाहुणे होतेच, तिघं, चिवड्याच्या बश्या घेऊन. सरांनी त्यालाही बोलावलं. "हे तिचे वडील."

एका पाहुण्याने चष्मा पुसला. "जरा हात दाखवा हो बाबा."

बाने दोन्ही तळवे पुढे केले. शाळेत नखं तपासताना मुलं करतात तसे. तिघं वाकून भेगा बघू लागले. एकाचं तोंड अजून चालूच होतं.

"बा, हात खाली घे," मी म्हटलं.

सर हसले. "अगं, कौतुक करतायत ते."

"कौतुक करायचं तर माझा प्रबंध दोन वर्षं तुमच्या कपाटात पडलाय, सर. तो वाचा."

चमचे थांबले. आम्ही बाहेर आलो.

"साहेब रागवंल," बा म्हणाला. "नोकरी पक्की व्हायची हाय ना तुजी?"

"होईल, नाहीतर नाही होणार."

त्या वर्षी शिफारस गेली नाही. पुढच्या वर्षीही नाही. मी शिकवत राहिले. ज्याला माझं संस्कृत ऐकायचं असेल त्याने तासाला यावं, बाकावर बसावं. चुकला तर चुकला म्हणेन, मग तो कुणीही असो. ही भाषा मी कष्टाने घेतली आहे. तिच्यासाठी कुणाचेही आभार मानणार नाही.