दोन छोटे, एक लांब

चाचांच्या हॉर्नवर आमचं निम्मं पेण उठायचं. सकाळी सहाला चाचा कंपनीची बस घेऊन नाक्यावर आले की वाजायचा: दोन छोटे, एक लांब. तेवीस वर्षं तोच. माझ्या सासूबाई त्यावर चहाचं आधण ठेवायच्या आणि मी एका हातात डबा, दुसऱ्या हातात अर्धी वेणी धरून धावत सुटायची. "पळू नको गो ताई, मी हाय ना!" चाचा खिडकीतून ओरडायचे. पेणहून रोहा, रोज जाऊन-येऊन. मला सोडून बस गेली असं एकदाही झालं नाही, आणि मी वेळेवर आले असंही फारसं झालं नाही.

कंपनीच्या बसमध्ये बाहेरचा माणूस घ्यायचा नाही असा नियम होता. चाचांना तो कधी दिसलाच नाही. नागोठण्याच्या पुढे रस्त्याकडेला हात न करता नुसता उभा राहिलेला माणूसही ते आत घ्यायचे. एकदा साहेबांनी झापलं, तर म्हणाले, "साहेब, उभ्या मानसाला टाकून जायाला मला जमत नाय. दुसरा ड्रायव्हर बघा." तसा ड्रायव्हर साहेबांना कुठून मिळणार?

आम्ही त्या बसचे पाचजण एकेक करून निवृत्त झालो आणि आमच्या ह्यांच्या डोक्यात किडा वळवळला. बाल्कन देश बघायचे, तेही टूरवाल्याशिवाय, गाडी आपली आपण! नकाशे आले, याद्या झाल्या. पण तिकडे गाड्या उजव्या बाजूने चालतात. ह्यांना पेणच्या बाजारातून स्कूटर सरळ नेता येत नाही, ते काय डोंगरातून व्हॅन नेणार? चाचा तरुणपणी कुवेतला ट्रेलर चालवायचे. म्हणून त्यांनाच विचारायला आम्ही रोह्याजवळच्या अष्टमी गावी त्यांच्या घरी गेलो.

आधी त्यांनी हातच जोडले. "गुडघे बोलाया लागलेत. अवंदा गाडी सोडायची हाय." मग हे नकाशावर बोट फिरवत बोस्निया म्हणाले आणि चाचा उठून आत गेले. पिवळा पडलेला एक फोटो घेऊन आले. ट्रेलरला टेकून उभे दोन तरुण, एक चाचा, दुसरा इब्रो. फोटोच्या मागे त्याच्या गावाचं नाव.

"वाळवंटात ट्रेलर बंद पडला माझा," चाचा म्हणाले. "चार गाड्या बघून न बघितल्यावानी गेल्या. पाचवा हा थांबला. पानी पाजलं, टोचन करून नेलं. मंग रोज कॅम्पावर येताना हार्न द्यायचा, दोन छोटे, एक लांब. म्हंजे 'मी हाय'. पुढं तिथं लढाई झाली, आमी पांगलो. मंग त्याच्या देशात लढाई. माझी पत्रं परत आली. जिता हाय का नाय, तेवढं बघायचं हाय. त्या गावात न्याल तर येतो."

तेवीस वर्षं मी त्या हॉर्नला आमच्या बसचा हॉर्न समजत होते!

बेलग्रेडला व्हॅन ताब्यात घेतली. आमच्यातली सुलभा गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या जोहे गावची, बाप्पाला विचारल्याशिवाय पाऊल न टाकणारी. तिने चारी चाकांखाली लिंबं ठेवली. चाचा 'बिस्मिल्ला' म्हणाले, ती 'गणपतीबाप्पा' म्हणाली, आम्ही 'मोरया' ओरडलो आणि लिंबं चिरडली. गाडी भाड्याने देणारा गृहस्थ वाकून रस्त्यावरच्या फोडी बघत राहिला.

मोंटेनेग्रोचे घाट म्हणजे वळणावर वळण. आपला माणूस प्रत्येक वळणावर हॉर्न देतो, चाचा तर देणारच. तिकडे लग्नाच्या वरातीशिवाय कोणी एवढं वाजवत नाही, हे आम्हाला काय माहीत! मागून फुलं लावलेल्या सात-आठ गाड्या आल्या आणि आम्हाला वरातीतलेच समजून त्याही वाजवत सुटल्या. पुढच्या थांब्यावर एका बाईने उतरून आमच्या आरशाला वरातीच्या गाड्यांसारखा पांढरा टॉवेल बांधला आणि आम्हाला सरळ लग्नात नेलं. सगळे हात धरून गोल नाचत होते. सुलभा म्हणाली, "अगं, हा तर आपल्या गौरीचा फेर!" आणि पदर खोचून घुसली. चाचा जेवून, हात पुसून म्हणाले, "बघा, हार्न दिला का मानूस जेवाया घालतो."

बोस्निया लागला तसं चाचांनी वळणावर हॉर्न देणं सोडलं. गाव म्हणजे डोंगरावरची दहा-बारा घरं. एका बाईला फोटो दाखवला. ती भरभरून बोलली, आम्हाला शब्द कळेना, आणि तिने वर चढावर बोट दाखवलं. वर पांढऱ्या दगडांचं कब्रस्तान होतं.  चाचांनी फोटो खिशात ठेवला आणि गाडी चढाला घातली.

पण रस्ता कब्रस्तानाच्या पुढे जात होता. शेवटी एक घर, खिडक्या बंद, बाजूला आलुबुखारची झाडं. चाचा उतरले नाहीत. त्यांनी हॉर्न दिला. दोन छोटे, एक लांब. काही नाही. पुन्हा दिला.

झाडांमधून एक म्हातारा बादली घेऊन आला आणि थबकला. बादली खाली पडली, आलुबुखार उतारावरून घरंगळत आमच्या चाकांपर्यंत आले. तो आम्हा कोणाकडे बघेना. दाराशी येऊन त्याने चाचांचा चेहरा दोन्ही हातांनी धरला. चाचा मराठीतच म्हणाले, "इब्रो, जिता हाईस रं!" मग दोघे मोडक्या अरबीत बोलत हसत होते, रडत होते. आम्हीही रडलो, ह्यांचं तर विचारूच नका. सुलभाने पेणचे पोह्याचे पापड त्याच्या चुलीवर भाजले. इब्रोने एक खाल्ला आणि डबाच मांडीवर घेतला.

दोन दिवस राहून निघालो तेव्हा इब्रो फाटकाशी नव्हता. चाचा हिरमुसले. पहिल्या वळणावर मागून आवाज आला, दोन छोटे, एक लांब. अंगणातल्या गंजक्या ट्रॅक्टरवर चढून बसला होता पठ्ठ्या! चाचांनी उत्तर दिलं ते डोंगर उतरेपर्यंत देतच राहिले.

परत आल्यावर चाचांनी बोलल्याप्रमाणे गाडी सोडली. मग मी गाडी चालवायला शिकले, वयाच्या साठाव्या वर्षी, त्यांच्याकडूनच. रस्त्याकडेला कोणी उभं दिसलं की माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो. हे कुरकुरतात, कुरकुरू देत.

महिन्यातून एकदा मी गाडी घेऊन अष्टमीला जाते. चाचांना घेऊन आम्ही कुठेही भटकून येतो, कधी धरमतरच्या खाडीवर, कधी नुसतेच. दारात हॉर्न दिला की आतून आधी तक्रार येते, "लांबवाला अजून लांब पायजे गो!" आणि मागोमाग चाचा, एका हातात टोपी, दुसऱ्या हातात चप्पल, दुखऱ्या गुडघ्यांनी धावत.

मी काच खाली करून ओरडते, "पळू नका चाचा, मी आहे ना!"