केमचे अकरा संशयित

केमला फौजदार असताना मी एकाच सकाळी अकरा निरपराध माणसांना, हात लाल आहेत एवढ्याच कारणावरून, पोलीस चौकीच्या बाकड्यांवर बसवलं. ती घटना आजही आठवली की माझे हात आपोआप खिशात जातात.

केम हे करमाळा तालुक्यातलं रेल्वे स्टेशनचं गाव. गावात कुंकवाचे कारखाने. त्यातल्या एका गोदामातून कुंकवाची सहा पोती चोरीला गेली. कुलूप शाबूत होतं आणि किल्ली असायची तिथल्या जुन्या कामगार मावशींकडे. मालकाने संशय त्यांच्यावरच घेतला. चोरीचा शिक्का बसला असता तर गावातल्या एकाही कारखान्याने त्यांना दारात उभं केलं नसतं, आणि दुसरं काम त्यांना येत नव्हतं.

खबर दिली फलाटावरच्या चहावाल्याने. पहाटे स्टेशनच्या बाजूला पोती वाहणारा एक माणूस त्याने पाठमोरा पाहिला होता. मी तर्क लढवला, कुंकवाची पोती उचलणाऱ्याचे हात लाल होणारच! हवालदारांना फर्मावलं, "स्टेशनजवळ लाल हातांचा जो दिसेल तो आणा."

"समदे, साहेब?"

"समदे!"

तासाभरात अकरा जण हजर. मावशी त्यांच्यात होत्याच. हवालदार गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "बाकडी भरली साहेब. गाव अजून बाकी हाय."

मी सोलापुरात सूत रंगवणाऱ्यांच्या गल्लीत वाढलेला. कोपरापर्यंत निळे-हिरवे हात रोज पाहिलेले. तरी अक्कल आली नाही ती नाहीच. उलट फिर्याद द्यायला मालकासोबत आलेल्या त्याच्या भाच्याचे हात स्वच्छ दिसले म्हणून त्याला खुर्ची दिली, चहा पाजला. चहा पिऊन तो निघून गेला.

जबाब घेता घेता मला भलतंच कुतूहल वाटू लागलं. अकरांतल्या सर्वांत म्हाताऱ्या बाबांना विचारलं, "हळद लांबून येते, मग कुंकू इथंच का?"

"टेशनामुळं की! हळद मालगाडीनं यायची, कुंकू मालगाडीनं जायचं. मालधक्क्यावर पाय ठेवाय जागा नसायची. आता समदं टेम्पोनं. धक्क्याच्या शेडला कुलूप पडून लई वर्सं झाली. तितं आता कुत्रं बी फिरकत न्हाय."

"न्हाय कसं?" मावशी मध्येच म्हणाल्या. "आज सकाळीच त्या शेडच्या दारात लाल सांडल्यालं बघितलं मी."

मी उठलोच. स्टेशन मास्तरांसमोर शेड उघडली. सहाही पोती आत. पंचनामा चालू असतानाच एक टेम्पो येऊन थांबला. ड्रायव्हरशेजारी भाचा! साहेब अकरा जणांत गुंतलेत, अशी त्याची खात्री होती. चौकशीत त्याने कबूल केलं. गोदामाची दुसरी किल्ली त्यानेच करून घेतली होती, शेडच्या जुन्या कुलपाचीही, आणि पोती वाहायला बाहेरगावचा हमाल आणला होता. स्वतः एकाही पोत्याला हात लावला नव्हता.

त्या दिवसापासून नव्या गावात बदली झाली की मी आधी विचारायचो, हे गाव जगतं कशावर? जिथे सगळंच लाल, तिथे लाल हात म्हणजे पुरावा नव्हे. लाल असायला नको तिथे ते दिसलं, तर मात्र थांबून बघावं.

चौकीत परतून मी अकराही जणांपुढे हात जोडले. मावशींनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. त्या माझ्या हातांकडे बघत होत्या. पोती चाचपून ते मनगटापर्यंत लाल झाले होते.

"हवालदार," बाकड्यावर जरा सरकत त्या म्हणाल्या, "ह्यांनाबी बसवा की हितं."