थप्पी एकची नोंद

"कोणत्या औषधाच्या वासात बसल्या होत्या?" डॉक्टर दुसऱ्यांदा विचारत होते आणि मी गप्प उभी होते. कळमनुरीच्या दवाखान्यात माझी धाकटी जाऊ खाटेवर ओकत होती. ओठ निळे पडले होते. मुकादमाने वही पुढे केली. "साहेब, यांच्या थप्पीला औषध नव्हतंच. बघा, लिहिलंय." डॉक्टरांनी वाचलं, ऊन लागलं असेल म्हणाले आणि सलाईन लावलं.

वहीतलं अक्षर माझं होतं.

आम्ही चौघी गोदामात हळद निवडायला जायचो. पोत्यांच्या तीन थप्प्या, तिन्हींवर कायम ताडपत्री. किडा लागू नये म्हणून पाळीपाळीने एकेका थप्पीखाली विषारी गोळ्या ठेवत. त्यांचा वायू होतो. कोणत्या थप्पीला, कधी, किती, हे वहीत लिहावं लागतं आणि महिन्याला त्याचा कागद सरकारी ऑफिसात जातो. चौघींत चौथीपर्यंत शिकलेली मी एकटी, म्हणून वही माझ्याकडे. मुकादमाला रोज सांगायचा कंटाळा. महिना लागला की तो तोंडाने सांगायचा आणि मी एका बैठकीत पुढचा अख्खा महिना लिहून टाकायचे. सकाळी बाया विचारायच्या, आज कुठं बसायचं? मी आपलीच वही वाचून सांगायचे.

त्या दिवशी वहीत होतं, औषध थप्पी तीनला, एक मोकळी. मुकादमाने आदल्या संध्याकाळी गोळ्या एकला ठेवल्या होत्या. आम्ही एकला टेकून बसलो.

"लसूण कुणी आणला गं?" जाऊ म्हणाली. "भाकरीला टाइम हाय अजून."

"तुलाच डोहाळे लागले असतील या वयात," दुसरी म्हणाली. सगळ्या हसल्या.

वास मलाही आला होता. मी म्हणाले, "वहीत न्हाई. बसा गुमान."

जाऊ आडवी झाली तेव्हा मुकादम ओरडत आला, "एकवरून उठा, बाहेर व्हा!" तेव्हाच मला कळलं. तरी दवाखान्यात बाटली निम्मी होईपर्यंत मी तोंड उघडलं नाही. वही खोटी ठरली तर दोष माझ्यावर येईल, एवढंच डोक्यात होतं.

जाऊने माझा पदर धरला. "अक्का, काहून गप बसल्या? त्या लसणाच्या वासाचं सांगा की."

मग सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "हे आत्ता सांगता?" आणि तिला नांदेडला न्यायला गाडी बोलवायला पळाले. लवकर सांगितलं असतं तर वाचली असती का, हे मी त्यांना नंतर जाऊन विचारलं. त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

पुढे ऑफिसातून साहेब आले. वही चाळून म्हणाले, "नोंदी व्यवस्थित आहेत. अक्षर कुणाचं?" मी म्हणाले, "माझं. सगळं आधीच लिहिलेलं हाय, साहेब. खरं न्हाई." त्यांनी ते लिहून घेतलं. त्याचं काय झालं, मला कुणी कळवलं नाही.

अजून भर दुपारी घरात लसणाचा वास येतो. सुनेला विचारते, तर तिने लसूण काढलेलाच नसतो. मी उठून दाराबाहेर ओट्यावर जाऊन बसते.

जाऊ नांदेडच्या रस्त्यातच गेली. बाकी तिघी जगलो. एकीला चालताना दम लागतो, एकीचे हात थरथरतात. मला काही झालं नाही.