मुठीतला पदर

बीडच्या बसस्टँडसमोर एका फोटोवाल्याचा स्टुडिओ होता. कॉम्प्युटर नवीनच आणला होता. पडद्यावरच्या माणसाची कड माउसने कापताना तो त्या माणसाशीच बोलायचा, "मावशी, हलू नका. कानाजवळ आलोय." मग मला म्हणायचा, "भाऊ, तुमी बी मानेवर श्वास सोडू नका. माउस हलतो."

आई गेली तेव्हा तिचा एकटीचा फोटो आमच्याकडे नव्हता. तिला कधी स्टुडिओत नेलंच नाही, हे मला खात होतं. तेराव्याला हार घालायला एकच फोटो होता, त्यात तिच्या मांडीवर माझी मुलगी. मुलीला त्यातून कापायचं म्हटल्यावर बायको रडली. "जित्या लेकराला कापायचं व्हय?" मलाही ते अशुभ वाटत होतं.

मी चाचरत हे त्याला सांगितलं. तो हसला नाही. "मंग आदी लेकीचा फोटो करू. तिला नुसती उचलून घेऊ. मावशी थांबतील तवर."

त्याने मुलीला अलगद सोडवलं, मागे फुलांची बाग दिली. तिच्या मुठीत आईच्या पदराचं टोक राहिलं होतं.

"तेवढं काढा," मी म्हटलं.

"कावून? धरलंय तिनं. ऱ्हाऊ द्या की."

मुलीचा फोटो माझ्या हातात दिल्यावरच तो पडद्याकडे वळला. "मावशी, आता तुमी."

घरी बायको त्या मुठीकडे बराच वेळ बघत राहिली. मग आईच्या फोटोसाठी तिनेच खिळा आणि हातोडी शोधली. मला कडकडून भूक लागली, आई गेल्यापासून पहिल्यांदाच.